नोंदणी मिडवाइफची, ड्युटी डोळ्यांच्या वॉर्डात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिडवाइफरीवर, म्हणजे शिकलेल्या, नोंदणी झालेल्या मिडवाइफने गरोदरपण-बाळंतपण सांभाळण्यावर, हल्ली पेपरात अधूनमधून काहीतरी येतं, परदेशात कसं आहे, आता आपल्याकडेही येणार वगैरे, आणि ते वाचून आमच्या ग्रुपवर दरवेळी कोणीतरी विचारतंच की म्हणजे काय, आता परत दाया आणणार का? मी तीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पहिलं म्हणजे मिडवाइफ आपल्याकडे नवीन नाहीच. नर्सिंगच्या कोर्सांची नावंच बघा, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) मधला शेवटचा एम आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) मधलाही एम, दोन्ही मिडवाइफचेच. माझ्या रजिस्ट्रेशनवर पण नर्सच्या पुढे मिडवाइफ असं लिहिलंय. पण अख्ख्या नोकरीत त्या नावाने मला कोणी ओळखलं नाही, सिस्टर म्हणजे सिस्टर. काम काय, तर तपासायचं, लिहायचं, डॉक्टरांना फोन लावायचा आणि ते येईपर्यंत "थांब गं, जोर करू नको" म्हणत उभं राहायचं. बाळ काय कोणासाठी थांबतंय होय! कितीतरी बाळंतपणं माझ्या हातावर झाली आणि केसपेपरवर नाव दुसऱ्याचंच.

एक रात्र अजून डोळ्यासमोर आहे. पहिलटकरीण, वीसेक वर्षांची, कळा सुरू होऊन दहा तास झालेले, पिशवीचं तोंड चार सेंटीमीटरवर अडलेलं आणि बाहेर घरचे लोक म्हणतायत की सिझर करून मोकळं करा एकदाचं. बीपी नॉर्मल, बाळाचे ठोके एकशेचाळीस, मग घाई कशाची? मी तिला टेबलावरून खाली उतरवलं, तिच्या आईला आत घेतलं (तेव्हा आमच्याकडे नातेवाइकांना दारही ओलांडू देत नसत), व्हरांड्यात हळूहळू फिरवलं, कळ आली की तिने भिंतीला हात टेकून वाकायचं आणि मी कमरेच्या खाली तळहाताने दाबून धरायचं, मधेमधे ठोके ऐकायचे, घोटभर पाणी पाजायचं, बस्स. पहाटे साडेचारला मुलगी झाली, एकही टाका नाही. सकाळी राउंडला मात्र मी बोलणी खाल्ली, पेशंटला टेबलावरून उतरवलंच का म्हणून.

आता गंमत बघा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत हेच सगळं छापून आलंय, की कळांच्या वेळी हिंडू-फिरू द्या, तिला हवं ते माणूस सोबत असू द्या, बाळाला वाट मोठी करायला सरसकट छेद देऊ नका, आणि पाच सेंटीमीटरच्या आधी हळू चाललंय म्हणून घायकुतीला येऊ नका. वाचताना हसू पण आलं आणि रडू पण. कारण त्या रात्रीनंतर वर्षभरातच रोटेशनमध्ये माझी बदली डोळ्यांच्या वॉर्डात झाली, ड्रॉप टाकायला. पंधरा वर्षांत हाताला जे वळण लागलं होतं ते तिथे कोणाच्या कामाचं?

परदेशातली मिडवाइफ काही आभाळातून पडली नाही. इंग्लंडने १९०२ मध्ये कायदा करून तिचं ट्रेनिंग आणि नोंदणी पक्की केली. न्यूझीलंडने १९९० मध्ये कायदा बदलून तिला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय गरोदरपण ते बाळंतपण सगळं बघायची मुभा दिली, आणि आता तिथल्या बहुतेक बायका मिडवाइफच निवडतात. श्रीमंत देशांचं सोडा, शेजारच्या बांगलादेशानेही मिडवाइफरीचा तीन वर्षांचा वेगळा डिप्लोमा सुरू केलाय. तरी २०२१ च्या मिडवाइफरीवरच्या जागतिक अहवालात जगभरात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत असंच म्हटलं होतं.

आपल्याकडे तेलंगणाने २०१७ मध्ये नर्सना असं मिडवाइफचं वेगळं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली, मग २०१८ च्या डिसेंबरात केंद्राच्या गाइडलाइन्स आल्या. अनुभवी नर्सला अठरा महिन्यांचं ट्रेनिंग, बारा महिने शिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष काम, आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांत मिडवाइफने चालवायचं वेगळं युनिट, फक्त ज्यांना धोका नाही अशा बायकांसाठी. काही अवघड वाटलं की डॉक्टर शेजारीच. म्हणजे घरी बाळंतपण करा असं यात कुठेही नाही, हे ग्रुपवाल्यांनी कृपया दोनदा वाचावं. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा कायदाही झाला, नावात का होईना मिडवाइफरी आली.

आणि गरज आहे का म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. २०१५-१६ ला देशात शंभरातली ७९ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ ला ती ८९ च्या जवळ गेली, फार चांगलं झालं. पण त्याच पाहणीत खासगी दवाखान्यांतली शंभरातली ४७ सिझर आहेत. सिझरला मी नावं ठेवत नाही, आडव्या बाळाची आई सिझरने वाचताना मी स्वतः पाहिलीय, पण निम्म्या बायका अडलेल्या असतात हे काही पटत नाही. तासन् तास शेजारी बसायला माणूस नसतं, हे त्यामागचं एक कारण, आणि डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो हे तेही मान्य करतील.

माझी भाची जीएनएम करून तीन वर्षं नोकरीत आहे. परवा म्हणाली, मावशी, हे अठरा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊ का? मी म्हटलं घे की, पण आधी वरती विचार की नंतर पोस्टिंग कुठे देणार, किती वर्षं तिथे ठेवणार आणि बाळंतपण तू केलंस तर सही कोणाची. तिने अर्ज भरलाय आणि हे तिन्ही प्रश्न लेखी विचारलेत. उत्तर अजून यायचंय.

आपली,
एक निवृत्त परिचारिका (आणि मिडवाइफ)