जुनी येझदी भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचे पत्र आले होते. वडिलांची येझदी मोटारसायकल दरवर्षी एक बॅटरी खाते, म्हणून शेवटी कंटाळून ती भंगारात दिली, असे त्यांनी लिहिले होते. वाचून फार वाईट वाटले. जुन्या नाशकात आमचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेले. आर्मेचर, म्हणजे मोटारीचा किंवा डायनॅमोचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, नव्या तारेने भरण्याचे काम आता मी करते. अशा 'बॅटरी खाणाऱ्या' येझदी आणि जावा आमच्याकडे नेहमी येतात. बॅटरी बिचारी मरते खरी, पण तिला मारणारा दोष बहुतेक वेळा चार्जिंगमध्ये निघतो, आणि तो दुरुस्त होतो.

या गाड्यांत इंजिनच्या उजव्या अंगाला, क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) टोकावरच डायनॅमो, म्हणजे वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, बसवलेला असतो. सहा व्होल्टचा, ४५ वॅटचा. म्हणजे फार तर साडेसात अँपिअर. हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब एकटाच त्यातले सहाच्या आसपास ओढतो. मागचा दिवा आणि इग्निशन कॉइल धरली की हिशेब संपला, बॅटरीत जायला काही उरत नाही. संध्याकाळी द्वारका सर्कलच्या कोंडीत दिवा लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणारी गाडी तर साठवलेलेच खात असते, कारण इंजिन हळू फिरले की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. त्यात हौसेने जास्त वॅटचा हॅलोजन लावलेला असला तर विचारूच नका. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरे सल्फेट धरते आणि मग ती चार्जिंग घेईनाशी होते. दुकानदार नवी बॅटरी देतो. तिचेही तेच होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की नवी बॅटरी घेण्याआधी मेकॅनिकला मीटर लावायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहून आकडा बघा. बॅटरी पूर्ण चार्ज करून, गाडी बंद असताना ६.३ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. मग दिवा न लावता गाडी सुरू करून रेस द्यायची. आकडा सातच्या थोडा वर गेला तर डायनॅमो काम करतो आहे. हललाच नाही तर चार्जिंग येत नाही. साडेसातच्याही वर चालला तर व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी सारखे आटते आणि बल्ब उडतात.

हेडलाइटमधला चार्जिंगचा लाल दिवाही बरेच सांगतो. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे. नाही लागला तर त्याचा बल्ब गेलेला असतो, किंवा डायनॅमोचे कार्बन (वीज बाहेर आणणारे घासते तुकडे) कॉम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकत नसतात. रेस दिल्यावरही तो मंद जळत राहिला तर आधी कटआउटचे, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट पाहावेत. हेच पॉइंट कधी चिकटून बसतात, मग गाडी नुसती उभी असतानाही बॅटरी डायनॅमोतून उलटी रिकामी होते. रात्री ठीक असलेली गाडी सकाळी किक मारून मारून सुरू होत नाही ती यामुळे.

पुष्कळदा खर्च करावाच लागत नाही. कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये कार्बनची काळी भुकटी भरलेली असते. तुटक्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने त्या फटी मोकळ्या कराव्यात, पट्ट्यांमधले अभ्रक तांब्याच्या किंचित खाली खरवडावे, कार्बन झिजले असतील तर बदलावेत. तेवढ्याने गाडी मार्गी लागते. आर्मेचर खरोखर गेले आहे का, हे आम्ही ग्रोलरवर, म्हणजे आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर, पाहतो. आर्मेचर ग्रोलरवर ठेवून मग तो चालू करायचा, वर तसेच ब्लेड धरायचे आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचे. ज्या खाचेतली तार शॉर्ट असेल तिथे ब्लेड थरथरून आवाज करू लागते. हे गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय मी आर्मेचर भरायला घेत नाही. आणि आर्मेचरवर घासल्याच्या चकचकीत खुणा असतील तर क्रँकचे बेअरिंग ढिले झाले आहे. ते बदलण्याआधी नवे वाइंडिंग करणे म्हणजे पैसे पाण्यात.

एका सवयीबद्दल कळकळीने सांगते. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि बंद पडते का ते बघायचे, अशी 'टेस्ट' रस्त्यावर सर्रास होते. ती करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज सैरभैर होते. सगळे बल्ब एकदम जातात, आणि बुलेटसारख्या, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्याची वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायरही जळू शकतो.

या गाड्या बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे अस्सल आर्मेचर हाती असेल तर तेच भरून घ्यावे, फेकू नये. पण ते भरणारे हातही आता कमी उरले आहेत. सातपूरच्या आयटीआयमध्ये इतकी मुले शिकतात. त्यांतल्या इच्छुकांना डायनॅमो आणि कटआउट उघडून दाखवण्याची सोय व्हावी, अशी संस्थेला आपल्यामार्फत विनंती आहे. माझ्याकडे जुने डायनॅमो पडून आहेत, ते मी शिकवण्यासाठी आनंदाने देईन.

हौसेने गाडी नवी करून घेणाऱ्यांसाठी आणखी एक. अंबडला चेसिस पावडर कोटिंगला देताना अर्थच्या बोल्टची (बॅटरीची वायर चेसिसला जोडतात ती) जागा आणि इंजिन माउंटिंगच्या जागा झाकून घ्यायला सांगा. कोटिंगच्या थरातून करंट जात नाही. सहा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट तिथे अडला तरी दिवा पिवळा पडतो आणि चार्जिंग कमी होते. कोटिंग आधीच झाले असेल तर बोल्टखाली पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून थोडे ग्रीस लावा.

— एक वाचक, जुने नाशिक