बंडू पेंटरला, लंडनहून

लंडन,
रविवार, ९ जून २०२४

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोनवर मी रोज फोटो टाकतो आणि तू रोज नुसता अंगठा टाकतोस. तुला त्यातलं काय आवडतं आणि काय नाही, कळायला मार्ग नाही. म्हणून कागद घेतलाय. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे की ती मला फोनवर बोलता येणार नाही. ती शेवटी येईल. आधी शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, तसं करू नकोस.

काल प्रियाने मला भिंती बघायला नेलं. तेही तिकीट काढून! "बाबा, पूर्व लंडनमध्ये भिंतींवरची चित्रं दाखवणारी टूर असते, दोन तासांची, चालत." मी म्हटलं, भिंती बघायला गाईड कशाला? मिरजेच्या स्टँडसमोरच्या भिंती मी जन्मभर फुकट बघितल्या, आणि त्यातल्या निम्म्या आमच्या बंडूने रंगवलेल्या. पण पोरीने पैसे भरले होते, गेलो.

सुरुवात स्पिटलफील्ड्सच्या बाजाराजवळ, एका बकरीपाशी. खरी नव्हे, पुतळा. खोक्यांवर खोकी रचलेली आणि सगळ्यात वर बकरी उभी. आम्ही दहा-बाराजण जमलो. गाईड तिशीतला पोरगा. त्याने तोंड उघडायच्या आधी मी त्याची नखं बघितली. कडेला निळा रंग, घासूनही न गेलेला. म्हटलं, हा कामातला माणूस आहे, याचं ऐकायला हरकत नाही. इंग्रजी भराभर बोलायचा, अर्धं मला कळायचं, उरलेलं प्रिया सांगायची.

तिथून ब्रिक लेन. म्हणजे विटांची गल्ली. फार पूर्वी इथे विटा-कौलांच्या भट्ट्या होत्या. आता दोन्ही बाजूंना बंगाली हॉटेलं, आणि रस्त्यांच्या नावांच्या पाट्या इंग्रजीखाली बंगालीतही. फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. फ्रान्समधून धर्मापायी पळून आलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी ती १७४३ साली प्रार्थनाघर म्हणून बांधली. त्यांच्यातले बरेचसे रेशीम विणणारे. आसपासच्या घरांच्या माळ्यांना अजून लांबलचक खिडक्या आहेत, मागाला उजेड हवा म्हणून. इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे तिथे मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक आले, १८९८ साली तिचं ज्यूंचं सिनेगॉग झालं, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. वर भिंतीत सूर्यघड्याळ आहे, त्यावर सन १७४३ आणि लॅटिनमध्ये 'आम्ही सावली आहोत' अशी दोन शब्दांची ओळ. तीन धर्म येऊन गेले, ती पाटी कुणी खरवडली नाही. मी तिथे जरा जास्त वेळ थांबलो, तेवढ्यात गट पुढे निघून गेला आणि प्रियाला मला शोधत परत यावं लागलं.

सगळं काही असं गोडीगुलाबीचं नव्हतं म्हणा. इथून जवळच अल्ताब अली नावाच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगाराचा ४ मे १९७८ ला रस्त्यात खून झाला, निव्वळ वंशद्वेषातून. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून चालत पंतप्रधानांच्या घरापर्यंत गेले. गाईड म्हणाला, त्या काळी या भिंतींवर चित्रं नव्हती. 'एनएफ' ही दोन अक्षरं असायची, म्हणजे नॅशनल फ्रंट, तुम्ही निघून जा म्हणणारा पक्ष. तुला तर माहीतच आहे, दोन अक्षरं काढायला किती वेळ लागतो ते.

आता चित्रांकडे येतो. हॅनबरी स्ट्रीटवर एका इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर पक्षी आहे, खालून वर बघताना टोपी पडेल एवढा उंच. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, पीस न् पीस मोजावं असं. रोआ नावाच्या बेल्जियन माणसाचं काम. गाईडने गोष्ट सांगितली ती अशी: रोआ काढत होता बगळा. येणारे-जाणारे बंगाली विचारायला लागले, हा सारस का? त्यांच्याकडे सारसाला मान आहे. मग यानेही थोडे फेरफार करून बगळ्याचा सारस करून टाकला. मला एकदम आपल्या तालमीची भिंत आठवली. तू सिंह काढलास, पैलवान म्हणाले आम्हाला वाघ हवा होता, आणि तू तिथल्या तिथे आयाळ बुजवून पट्टे ओढलेस. त्या वाघाचं तोंड शेवटपर्यंत सिंहाचंच राहिलं. हे मी प्रियाला सांगितलं, तिने गाईडला सांगितलं, आणि तो एवढा हसला की आता ही गोष्ट तो पुढच्या प्रत्येक टूरला सांगणार बघ. लंडनमध्ये तुझं नाव झालं. नाव नाही, वाघ झाला.

प्रिन्सलेट स्ट्रीटवर स्टिक नावाच्या माणसाचं चित्र आहे. हा एकेकाळी बेघर होता. त्याची माणसं म्हणजे सहा रेघा आणि दोन ठिपके, संपलं. तू म्हणशील बालवाडीतलं काम. मीही मनात तेच म्हटलं. पण इथे त्याने दोघं काढलीत, एक त्याचा नेहमीचा काडीमाणूस आणि शेजारी काळ्या बुरख्यातली बाई, हातात हात घालून. बाईचे फक्त डोळे दिसतात. एवढ्याशा रेघांत ती दोघं एकमेकांकडे झुकलीत की नाहीत हे मी पाच मिनिटं बघत होतो. मशिदीच्या हाकेच्या अंतरावर २०१० पासून ते तसंच आहे. कमी रेघांत काम करणाऱ्याला लपायला जागा नसते, हे तूच मला एकदा 'ॐ' काढताना म्हणाला होतास.

यांचे कायदे ऐक. मालकाला न विचारता भिंत रंगवली तर इथे गुन्हा आहे, १९७१ च्या कायद्याखाली. तरी रंगवतातच. आणि त्यांच्या-त्यांच्यातले नियम वेगळे. नुसती सही खरडली तर तो टॅग. दोन रंगांत झटपट फुगीर अक्षरं मारली तर थ्रो-अप. वेळ काढून, नीट रंग भरून केलेलं ते पीस. टॅगवर थ्रो-अप चालतो, थ्रो-अपवर पीस चालतं, उलटं केलं तर हाणामारी. आपल्याकडे निवडणुकीत चुन्याने 'जागा बुक' लिहून जायचे आणि दुसऱ्या पक्षाची पोरं रात्रीत येऊन पुसायची, त्यापेक्षा हे सभ्य वाटलं मला.

तसं एक प्रकरण गेल्या ऑगस्टात इथेही झालं. काही चिनी विद्यार्थ्यांनी ब्रिक लेनवरची चित्रांनी भरलेली एक लांबच लांब भिंत सपाट पांढरी केली आणि त्यावर लाल रंगात भली मोठी चिनी अक्षरं काढली. चोवीस अक्षरं, बारा शब्द, त्यांच्या सरकारची समाजवादी मूल्यं: समृद्धी, लोकशाही, स्वातंत्र्य वगैरे. लोक खवळले. काहीजण खालची चित्रं गेली म्हणून, काहीजण मजकुरामुळे. 'स्वातंत्र्य' या शब्दाभोवती उत्तरं लिहिली गेली, ती भांडणं तिथेच भिंतीवर झाली, आणि शेवटी नगरपालिकेने येऊन सगळंच पांढरं केलं. गाईड म्हणाला, ती भिंत फार दिवस रिकामी राहत नाही. आम्ही गेलो तेव्हा तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती.

एका वळणावर भिंतीचा कोपरा ढासळला होता. गाईडने खाली पडलेला एक टवका उचलून माझ्या हातात दिला. दगड वाटला, पण सगळा रंगच. बोटाच्या पेराएवढा जाड. कडेने बघितलं तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर: पांढरा, गुलाबी, काळा, चंदेरी, परत पांढरा, पोपटी. मोजायला गेलो, चाळीसनंतर डोळे दमले. म्हणजे चाळीस जणांनी तरी त्याच हातभर जागेवर आपलं काम केलं आणि पुढच्याने त्यावर फासलं. हा टवका मी रुमालात बांधून ठेवलाय, तुझ्यासाठी. विमानतळावर अडवलं नाही तर मिळेल.

पुढे एक पोरगी शिडीवर काम करत होती. भिंतभर नुसती वेडीवाकडी चिन्हं, गोल, फुल्या, आकडे. मला वाटलं खराब करून ठेवलीय. तसं नव्हे रे. ती आधी असं काहीबाही गिरगटते, त्याचा फोटो काढते, फोनमध्ये त्या फोटोवर आपलं चित्र ठेवते, आणि मग कुठल्या फुलीवर नाक येतं आणि कुठल्या आकड्यावर कान, ते बघत काढत जाते. तू दोरीला खडू लावून सूत मारायचास, चौकटी पाडायचास, तेच काम. आता म्हणे चौकटी नकोत, गिरगटलेलं बरं, कारण सगळ्या चौकटी सारख्याच दिसतात आणि माणूस हुकतो. हे तुला पटतं का, लिही. मला पटलं नाही.

आणि मग शोरडिचच्या बाजूला, टूर संपता संपता, ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते दिसलं. उंच भिंत, झुलता पाळणा, त्यावर दोघे. जाहिरात रंगवत होते. हाताने, ब्रशने! मी गाईडला विचारलं, इथे फ्लेक्स नाही का? तो म्हणाला, आहे की, स्वस्तही आहे. पण मोठमोठ्या कंपन्या मुद्दाम हाताने रंगवून घेतात, जास्त पैसे मोजून, कारण लोक थांबून बघतात. खरंच थांबले होते लोक. मीही थांबलो. गाईड निरोप घेत होता तिकडे माझं लक्षच नव्हतं.

त्यांनी भिंतीवर मोठा कागद लावला होता, रेघांवर बारीक भोकं पाडलेला. वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटत होते. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेघ. बंडू, ही रांगोळीची छाप! सिनेमाच्या पाट्यांची सारखी सारखी अक्षरं तू अशीच उतरवायचास, वहिनींची दाभणासारखी सुई पळवून. एकजण हाताखाली काठी टेकवून अक्षराची कड ओढत होता. श्वास सोडताना ओढत होता, घेताना थांबत होता. तुझ्यासारखाच. जीभ तेवढी बाहेर नव्हती.

परत स्टेशनाकडे येताना प्रियाने मिडलसेक्स स्ट्रीटवर नेलं. शनिवारी तिथला बाजार बंद असतो. पूर्वी सगळा ज्यू वस्तीचा बाजार, त्यांचा शनिवार पाळायची रीत अजून चालू आहे. बंद होता तेच बरं झालं. शटरवर बेन आईन नावाच्या माणसाने २०१० साली एकेक अक्षर काढलं होतं, शटरभर, सर्कशीच्या पाटीसारखं, जाड सावलीचं. त्यातली काही टिकून आहेत. दुकान उघडं असलं की अक्षर गुंडाळलं जातं, बंद झालं की उलगडतं. याच माणसाचं एक चित्र इंग्लंडच्या पंतप्रधानांनी ओबामाला भेट दिलं. अक्षरं काढणाऱ्याचं! आपल्याकडे अक्षरं काढणाऱ्याला लोक 'ओ पेंटर, चहा घेणार का' एवढंच विचारायचे.

तिथून मला ब्रिक लेनवरचीच एक पाटी आठवत राहिली, गाईडने घाईत दाखवलेली. कॅट्झ नावाच्या ज्यू दुकानदाराची. सुतळी आणि कागदी पिशव्या विकायचा. दुकान केव्हाच गेलं, तो गेला, पाटीवरची अक्षरं मात्र फिकट का होईना, आहेत. पुढच्या मालकांनी ती झाकली नाही.

आता ती गोष्ट.

२००९ साली मी आपल्या किराणा दुकानावर फ्लेक्स लावला. पुतण्याने आणला, दीड दिवसात, वर गणपती आणि कोपऱ्यात शीतपेयाची बाटली. तुझी पत्र्याची पाटी त्याच्या मागे गेली. पिवळ्यावर लाल अक्षरं, खाली काळी सावली, 'सदाशिव किराणा', आणि उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढं 'बंडू आर्ट्स, मिरज'. तुला मी विचारलं नाही, सांगितलंही नाही. तू दुसऱ्या दिवशी आलास, वर बघितलंस, अर्धा किलो साखर घेतलीस आणि गेलास. मग वर्षभराने तू दुकान बंद करून मुलाच्या गॅरेजमध्ये बसायला लागलास. माझ्या एका पाटीने तुझा धंदा बसला असं नाही, मला माहीत आहे. सगळ्या गावाने तेच केलं. पण सगळ्या गावाशी तू लहानपणापासून कृष्णेत पोहायला जात नव्हतास. पंधरा वर्षांत आपण यावर एक शब्द बोललो नाही. मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं.

काल रात्री घरी फोन करून पोराला सांगितलं, शिडी लाव आणि फ्लेक्स कापून मागे काय आहे बघ. आज सकाळी त्याचा फोटो आला. पत्रा खालच्या कडेने गंजलाय, 'कि' ची वेलांटी गेलीय, चिमण्यांनी घरटं केलं होतं ते रिकामं आहे. बाकी सगळं आहे. तुझं नावसुद्धा.

मी बावीस तारखेला पोहोचतोय. वेलांटी तू काढणार की नाही ते तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही. हात थरथरतो असं तू दिवाळीत म्हणाला होतास. पण इथे रंगाच्या एका दुकानात खारीच्या केसांचे ब्रश बघून ठेवलेत. मला त्यातलं कळत नाही. तेव्हा हे पत्र पोचायची वाट मी बघणार नाही. मी फोनवर फक्त 'ब्रश?' एवढंच विचारणार आहे. अंगठा दाखवू नकोस. नंबर लिही.

वहिनींना नमस्कार. गॅरेजमधल्या पोराला आशीर्वाद.

तुझा,
सदा