तक्रार ‘निकाली’ निघते, बिल मात्र येतच राहते

महोदय,

घर बदलायचे म्हणून मी जुन्या जागेतले ब्रॉडबँड बंद करायला सांगितले. कंपनीचा माणूस आला, राउटर आणि अडॅप्टर पिशवीत घालून घेऊन गेला. पावती मागितली तर म्हणाला, ‘सिस्टीमला अपडेट होईल, मेसेज येईल.’ मेसेज आला तो पुढच्या महिन्याच्या बिलाचा! त्यानंतरच्या महिन्यात थकबाकी, विलंब शुल्क आणि जीएसटी धरून आकडा १,९८६ रुपयांवर गेला. आता वसुलीवाल्यांचे फोन सुरू आहेत, तेही माझ्या आईला, कारण अर्जात पर्यायी नंबर तिचा दिला होता. ‘आपण कोणाचे पैसे बुडवलेत का रे?’ असे सत्तरीतल्या आईने मला विचारले. ते फार लागले.

ग्राहक सेवा केंद्राला आतापर्यंत सात फोन केले. दर वेळी माणूस नवा आणि कहाणी पहिल्यापासून. दर वेळी तक्रार क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांत ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज येतो. काय निराकरण झाले, हे फोनवरच्या मुलीलाही सांगता येत नाही. तिच्यावर आवाज चढवण्यात अर्थ नाही, बिल रद्द करण्याचा अधिकार तिला दिलेलाच नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच ती परस्पर बंद करायची, ही कुठली रीत?

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार, समाधान झाले नाही तर ग्राहकाला ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सात फोनांत हे मला एकदाही कोणी सांगितले नाही, मीच शोधून काढले. त्यातही हे प्राधिकरण कंपनीनेच नेमलेले. वैयक्तिक तक्रारींत ‘ट्राय’ स्वतः लक्ष घालत नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला १९९५ पासून लोकपाल आहे, विम्यासाठीही आहे. दूरसंचारासाठी लोकपाल हवा, अशी शिफारस खुद्द ‘ट्राय’ने २०१७ मध्ये केली होती. फोन आणि इंटरनेटशिवाय आज शाळेचा प्रवेश होत नाही की गॅसचे बुकिंग होत नाही, मग याच ग्राहकाला वाऱ्यावर का सोडायचे?

ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, हे खरे. दूरसंचार सेवेविरुद्ध आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि सेवेपोटी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही पडत नाही. पण दोन हजारांसाठी रजा टाकून तारखांना कोण जाणार? माणूस कंटाळून पैसे भरून टाकतो. मीही भरणार होतो. अशी न वापरलेल्या सेवेची किती बिले गुपचूप भरली जात असतील!

माझी मागणी साधी आहे. ग्राहकाने ‘हो, प्रश्न सुटला’ असे कळवल्याशिवाय तक्रार बंद करू नये. बिलाचा वाद मिटेपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत. उपकरण परत नेताना जागेवरच पावती देणे सक्तीचे करावे. नियामकाने मनावर घेतले तर यातले काहीच अवघड नाही.

मी आता अपील केले आहे. राउटर नेल्याचा कागद कंपनीने दिला नाही, पण सोसायटीच्या गेटवरच्या वहीत त्या माणसाच्या नावापुढे वॉचमनने आत येण्याची-जाण्याची वेळ आणि ‘राउटर परत’ एवढे लिहून ठेवले होते. त्या पानाचा फोटो अर्जाला जोडला आहे.

– एक ग्राहक