मंगळवारचा बाजार

केंब्रिज
बुधवार, ३० ऑक्टोबर २०२४

प्रिय सुमे,

चार महिने झाले, तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. फोनवर नुसतं 'हो, मजेत' म्हणत राहिले. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. हे फोनवर बोलता येत नाही. इथल्या आतल्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडच्या खोलीत दादा झोपतो. म्हणून कागदावर लिहितेय, उद्या फोटो काढून पाठवीन.

माझी शुगर आटोक्यात आहे, खोकला गेला. ते सोड.

काल धनत्रयोदशी. नातीला शाळेची आठवड्याची सुट्टी आहे, भाचा आणि सूनबाई कामावर, म्हणून ती आमच्याकडे. वहिनी म्हणाली, चकल्या संध्याकाळी करू, आधी सॅफ्रन वॉल्डनला जाऊन येऊ, आज तिथे बाजार असतो. आम्ही चौघं निघालो. गाडी वहिनीने चालवली. हो, वहिनीने! दादाने जिला आयुष्यभर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, तिने. दादा शेजारी बसून बाहेरची नांगरलेली शेतं बघत होता. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांचे डोळे दुखतात हल्ली." मी बरं म्हटलं. आल्यापासून मी असंच बरं म्हणत आले आहे.

गाव फार गोड आहे गं. जुनी लाकडी सांगाड्याची घरं, कुठे गुलाबी रंग, कुठे पिवळा, आणि भिंतींच्या गिलाव्यात उठावाची नक्षी. एका जुन्या घरावर तर चक्क दोन राक्षस समोरासमोर उभे आहेत. चर्चचा मनोरा १९३ फूट उंच, कुठल्याही गल्लीतून वर बघितलं की दिसतो. आणि दादा सगळं सांगत होता, अगदी पूर्वीसारखं. गावाचं मूळ नाव चिपिंग वॉल्डन, चिपिंग म्हणजेच बाजार. ११४१ च्या सुमारास शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलून इथे आणला, तेव्हापासून भरतोय. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात इथल्या शेतांतून केशर पिकायचं, म्हणून नाव पडलं सॅफ्रन वॉल्डन. ऑक्टोबरात फूल येतं, सकाळीच खुडायचं, एका फुलात तीनच काड्या, ग्रॅमभर केशराला दीडशेच्या आसपास फुलं. चर्चमध्ये दगडातही ती फुलं कोरली आहेत, ती त्याने नातीला बोट धरून दाखवली. मी मनात म्हटलं, याला काय झालंय? याची स्मरणशक्ती तर आपल्या तिघांपेक्षा चांगली आहे. (वहिनी श्रीखंडात मोजून तीन काड्या घालते, ते गणित मला काल उमगलं.)

मग किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी बसलो. शेजारीच १८३५ साली उघडलेलं म्युझियम आहे. दादाने त्याची गोष्ट सांगितली. १८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हिंदुस्थानातून नजराणा आलेली अंबारी मांडायची होती, पण हत्ती कुठून आणणार? तर या म्युझियममधला पेंढा भरलेला हत्ती नेला. आणि तो होता आफ्रिकेचा! हिंदुस्थानी अंबारी, आफ्रिकी हत्ती. आम्ही पोट धरून हसलो. दहा मिनिटांनी, वहिनीने थर्मासमधला चहा ओतला तोवर, त्याने तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. त्याच शब्दांत, 'कुठून आणणार' म्हणताना तसाच हात हवेत नाचवून. मी वहिनीकडे बघितलं, ती कपाचं झाकण लावत राहिली. तिसऱ्यांदा त्याने सुरुवात केली तेव्हा ती आठ वर्षांची पोर, मांडीवर हात ठेवून म्हणाली, "मग आजोबा, हत्ती कुठून आणला?" जणू पहिल्यांदाच ऐकतेय. सुमे, माझ्या हातातला चहा गार झाला.

आता बाजार. चौकात कारंजं आहे, त्याच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांच्या छताची दुकानं. चीज, मासे, रोपांच्या कुंड्या, ब्रॅम्ली सफरचंदांचे ढीग, ती आंबट, शिजवायची. आपल्या सोमवारच्या बाजारासारखी आरडाओरड नाही, पण वास तोच, ओल्या मातीचा आणि कोबीच्या पानांचा. तू असतीस तर मूठभर कोथिंबीर फुकट मागून त्या गोऱ्या बाईला घाम फोडला असतास. दादा एका भाजीवाल्यापुढे उभा राहिला. फ्लॉवर उचलला, उलटा केला, देठ अंगठ्याने दाबून बघितला. अगदी आप्पांसारखा, तो अंगठाही आप्पांचाच. आणि मराठीत म्हणाला, "कसा दिला?"

भाजीवाला हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. दादा म्हणाला, "अहो, नीट सांगा. आणि वजन मापात घाला." मग मागे वळून मला म्हणाला, "आप्पा कुठे थांबलेत गं? पिशवी त्यांच्याकडे आहे."

आप्पांना जाऊन पस्तीस वर्षं झाली. त्या वेळी दादा विमानातून उतरून थेट घाटावर आला होता, तूच त्याच्या हातात कोरडं धोतर दिलं होतंस.

मी काही बोलू शकले नाही. वहिनी पुढे झाली, पैसे दिले, फ्लॉवर आपल्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आप्पा पुढे गेलेत, चला." किती सहज म्हणाली! तेव्हाच मला कळलं की हे वाक्य ती पहिल्यांदा म्हणत नाहीये.

तिथून आम्ही कॉमनवर गेलो. ते मोठं गवताचं मैदान आहे आणि त्यात जमिनीवरच कोरलेला एक चक्रव्यूह. भिंती नाहीत, कुंपण नाही, गवतात खोदलेली अरुंद वाट आणि तिच्यात १९११ साली बसवलेल्या विटा. सतरा फेरे आहेत, सगळी वाट चालली तर मैलभर होते. १६९९ साली ती पुन्हा खोदून घेतल्याची नोंद आहे म्हणे. यात फाटे नाहीत, चुकायला जागाच नाही, एकच वाट वळत वळत मधल्या उंचवट्यापर्यंत जाते. नातीने दादाचा हात धरला आणि दोघं निघाली. वहिनी आणि मी बाजूला उभ्या राहिलो.

तिथे तिने सांगितलं. ती दोघं फेरा घेत जवळ आली की ती गप्प बसायची, लांब गेली की पुढचं बोलायची. दीड वर्ष झालंय. गेल्या मार्चमध्ये तो गाडी घेऊन दूध आणायला गेला आणि तीन तासांनी एका पेट्रोल पंपावरून फोन आला. तेव्हापासून गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात असते. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की चिडतो, "मी चाळीस वर्षं लोकांना तपासलंय, मला शिकवू नकोस." मेमरी क्लिनिकमध्ये तपासणी होते इथे, पण तिथे जायला आधी नेहमीच्या डॉक्टरांनी पाठवायला हवं, आणि तिथपर्यंतच तो येत नाही. निदान झालं की लायसन्सवाल्यांना कळवावं लागतं, ते त्याला पक्कं ठाऊक आहे. मुलांना यातलं काही सांगितलेलं नाही. पोरीला टोरांटोला आत्ता कुठे जम बसलाय, भाच्याचं घराचं कर्ज आहे. "तुम्हीसुद्धा सांगू नका, वन्सं. माझी शपथ आहे." मग ती दोघं जवळ आली. नातीचा आवाज आला, "आजोबा, विटांवरच चालायचं," आणि वहिनी हसून हात हलवायला लागली.

एका वळणावर दादा थांबला. नुसता उभा. वाट समोर होती, एकच होती. नात दोन पावलं मागे आली, त्याच्या बुटाचं टोक विटेवर नीट ठेवलं आणि पुन्हा चालू लागली. ती पोर कुणी न सांगता सगळं करते, सुमे. मग आईबापांना काहीच माहीत नसेल, हे कसं शक्य आहे? की त्या घरात प्रत्येक जण दुसऱ्यापासून लपवतोय?

आता खरं ते लिहिते. तुझ्या आईचं सुरू झालं होतं तेव्हा तू माझ्याकडे आली होतीस, भर पावसात. त्या रोज संध्याकाळी दप्तर शोधतात, शाळेतून घरी जायचंय म्हणतात, असं सांगत होतीस. आणि मी म्हटलं, "वय झालं की विसरतंच माणूस, तू बाऊ करतेस." तू छत्री उचललीस आणि गेलीस. आठ महिने बोलली नाहीस. नंतर आपण बोलू लागलो, कुणीच तो विषय काढला नाही, मी तर मुद्दाम काढला नाही. मी चुकले होते, सुमे. फार वाईट बोलले होते. काल त्या भाजीवाल्यासमोर मला तुझी ओली साडी आठवली आणि तिथेच तुला हाक मारावीशी वाटली. माझ्यावर अजून राग असेल तर तोही लिही, पण मला उत्तर दे.

वहिनीची शपथ मोडू का? भाच्याला सांगू? दादाला त्याच्याच भाषेत, डॉक्टरांच्या भाषेत, सरळ विचारू? तू आईला सरळ विचारलं होतंस का? त्यांनी ऐकलं? मला आठवतं, तू त्यांना 'नाही हो आई, शाळा सुटली' असं म्हणायचीस. ते बरोबर होतं का? की खरं सांगायला हवं होतं? वहिनी 'आप्पा पुढे गेलेत' म्हणाली तेव्हा त्याचा चेहरा निवळला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण मला तसं म्हणता येईल असं वाटत नाही. मी आप्पांची मुलगी आहे, माझ्या तोंडून ते कसं निघेल?

रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली. साडेचारलाच अंधार पडतो. परत येताना दादाने तीनदा विचारलं की इतकी रात्र कशी झाली. घरी आल्यावर मात्र त्याने सोऱ्या हातात घेतला आणि चकल्यांचे सुंदर गोल पाडले, एकही तुटली नाही.

माझं तिकीट ८ तारखेचं होतं. ते मी आज सकाळी पुढे ढकललं. व्हिसा सहा महिन्यांचा आहे, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत राहता येईल. वहिनीला सांगितलं की थंडी बघायची राहिलीय. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच, तुळशीला पाणी घाल आणि दिवाळीत उंबऱ्यावर एक पणती लाव.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन कर आता, पुढे ढकलू नकोस. सूनबाईची नवीन नोकरी कशी आहे? बिल्डरने नवे कागद दिले का? माझ्याशी बोलल्याशिवाय सही करू नकोस.

आता आपल्यात साडेपाच तासांचं अंतर झालंय. तुझे रात्री दहा वाजले की इथे साडेचार वाजतात, तेव्हा दादा पडलेला असतो आणि मी बाहेर बागेत येऊन बोलू शकते. उद्या अभ्यंगस्नान, फराळ, गडबड असेल. परवा दहाला कर. नक्की कर.

तुझीच,
विजू