रणगाड्याचं इंजिन कोणाचं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लष्करासाठी येणाऱ्या नव्या रणगाड्यांची बातमी आपल्या अंकात वाचली. तोफ, चिलखत, मारा, सगळं तपशिलात होतं. इंजिन कोणाचं, एवढं मात्र दोनदा वाचूनही सापडलं नाही. चोपड्याला बत्तीस वर्षं ट्रॅक्टरची इंजिनं उघडण्यात आणि बांधण्यात गेली, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते. आमच्याकडे जुनं ट्रॅक्टर बघायला आलेला शेतकरी बॉनेटवर हात ठेवून पहिलं विचारतो, "इंजिन कोनं शे?"

आपल्या देशी 'अर्जुन' रणगाड्याचंच घ्या. प्रकल्प १९७४ मध्ये मंजूर झाला आणि १२४ रणगाड्यांची ऑर्डर निघायला २००० साल उजाडलं. मधल्या काळात लष्कराच्या मागण्या बदलत गेल्या, गाडी जड होत गेली. असं गिऱ्हाईक गॅरेजवाल्याला नवं नाही. इंजिन बांधून होतं तोवर म्हणतं, आता हायड्रॉलिकही मोठं बसवा. एवढं होऊनही गाडी चांगली निघाली. मार्च २०१० मध्ये राजस्थानात रशियन टी-९० रणगाड्याबरोबर तिची चाचणी झाली, तेव्हा अर्जुन सरस ठरल्याचं छापून आलं होतं. पुढची ११८ ची ऑर्डर निघाली ती थेट सप्टेंबर २०२१ मध्ये, ७,५२३ कोटींची. भागाकार केला, एकेक रणगाडा सुमारे ६४ कोटींना पडतो. आणि या मार्क-१ए च्या, म्हणजे सुधारित अर्जुनच्या, पोटात १,४०० हॉर्सपॉवरचं जर्मन इंजिन. ते वेळेवर मिळेना म्हणून चेन्नईजवळच्या आवडीच्या रणगाडा कारखान्यातलं काम रखडल्याच्या बातम्या नंतर आल्या.

मला याचं नवल वाटलं नाही. गावातल्या एकाने हौसेने परदेशी बनावटीचं ट्रॅक्टर घेतलं होतं. ताकद जबरदस्त, नांगर असा ओढायचं की बघत राहावं. ऐन पेरणीत फ्युएल पंप गेला. कंपनीचं नाव घेत नाही, पण पार्ट यायला अडीच महिने लागले. तोवर शेजाऱ्याचा कापूस गुडघ्याला लागला होता, आणि याचं ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं.

वजनाबद्दल एक बोलायचं आहे, कारण पारावर त्यावर फार वाद होतात. अर्जुन जड म्हणून रुतणार, असं सगळे धरून चालतात. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर काढणाऱ्याला विचारा: रुतणं नुसत्या टनावर नसतं, चाक किती रुंद त्यावर असतं. टी-९० साडेसेहेचाळीस टनांचा आणि मार्क-१ए सुमारे ६८ टनांचा. पण अर्जुनचे पट्टे रुंद आहेत. पहिला अर्जुन साडेअठ्ठावन्न टनांचा असूनही त्याचा जमिनीवरचा दाब टी-९० पेक्षा जास्त नव्हता. पुलाला मात्र पट्ट्याशी देणंघेणं नसतं, तो पूर्ण वजन मोजतो. पंजाबात कालव्यांचं जाळं आणि त्यावर लहान लहान पूल. तिथे लष्कराने हात आखडता घेतला तर त्यात खोट काढता येणार नाही.

लडाखसाठी हलका म्हणून 'झोरावर' आला, २५ टनांचा. जुलै २०२४ मध्ये तो सुरतजवळ हजिऱ्याला दाखवला, म्हणजे आमच्याच तापीच्या मुखाशी. बरं वाटलं. पण त्यालाही आधी ठरवलेलं जर्मन इंजिन मिळालं नाही आणि अमेरिकी बसवावं लागलं, असं वाचलं. लष्कराच्या जुन्या रशियन टी-७२ रणगाड्याचं तेच. ७८० हॉर्सपॉवर कमी पडते म्हणून १,००० ची इंजिनं घ्यायला मार्च २०२५ मध्ये रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. तंत्रज्ञानही मिळणार आहे म्हणतात. मिळालं तर उत्तमच.

आता टी-७२ च्या जागी एफआरसीव्ही या नावाचे १,७७० नवे रणगाडे आणायचे आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने त्याला मान्यता दिली. माझं म्हणणं एवढंच की या वेळी क्रम उलटा करावा. मैसूरला बीईएमएल या सरकारी कंपनीत १,५०० हॉर्सपॉवरचं देशी इंजिन २० मार्च २०२४ रोजी पहिल्यांदा सुरू करून पाहिलं गेलं. ते आधी राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत पुरतं रगडून घ्या. शेडमध्ये चालू झालेलं इंजिन आणि शेतात सीझन काढलेलं इंजिन यांत फार अंतर असतं. ते पास झालं की त्याला झेपेल तेवढं वजन ठरवा, आणि मग तोफ आणि चिलखत. युक्रेनमध्ये ड्रोनने रणगाड्यांचं काय केलं ते बघून दर सहा महिन्यांनी नवी मागणी पुढे येणार, हे नक्की. त्यातलं किती पहिल्या खेपेत आणि किती दुसऱ्या, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

ऑर्डरही थोडी थोडी, पण सलग द्या. वरणगाव आणि भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतली माणसं माझ्या गॅरेजात बसायची. काम नसलेल्या महिन्यांबद्दल ती जे सांगायची, ते ऐकलेल्याला १२४ नंतर एकवीस वर्षांनी एकदम ११८ हा हिशेब पचत नाही.

रणगाड्याची पुढची बातमी छापाल तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगावं: इंजिन कोणाचं आणि त्याचा फ्युएल पंप कुठे मिळतो?

आपला,
एक जुना वाचक,
चोपडा, जि. जळगाव