तालमीतील एक संध्याकाळ शिकण्यासाठी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की आपल्या कोल्हापुरात झिम्मा-फुगडीच्या स्पर्धांचे फलक झळकू लागतात. त्या स्पर्धांमुळे ही गाणी निदान कानांवर तरी पडतात, म्हणून त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र बक्षीस समारंभ झाला की सरावही थांबतो, आणि संघात ज्यांची निवड होत नाही त्या मुली व स्त्रिया पुढे वर्षभर या खेळांकडे फिरकत नाहीत, हे मी बरीच वर्षे पाहत आले आहे.

गेल्या वर्षी मुलीकडे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर काउंटीत चार महिने राहण्याचा योग आला. तेथील एका लहान गावाच्या सभागृहात आठवड्यातून एकदा रात्री आठ वाजता पारंपरिक नाच शिकवला जाई. ‘सेट’ हा नाच चार जोड्या चौकोनात समोरासमोर उभ्या राहून करतात. पहिल्याच दिवशी एक जोडी कमी पडत होती म्हणून त्यांनी मला आणि माझ्या नातीला हाताला धरून उभे केले, ‘येते का?’ असे कोणी विचारलेदेखील नाही. पाऊल चुकले की शेजारच्या आजोबांनी कोपराला धरून योग्य दिशेला वळवायचे आणि नाच पुढे चालू ठेवायचा, एवढीच तेथील शिकवण्याची रीत. तीन-तीन मात्रांच्या दोन गटांत चालणारी ‘जिग’ ही धून वाजू लागली तेव्हा सहा मात्रांच्या दादरा तालावर वाढलेल्या माझ्या कानांना ती फारशी परकी वाटली नाही.

वादकांची बैठकही मला तितकीच महत्त्वाची वाटली. ते श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीत, एकमेकांकडे तोंड करून गोल करतात. समोर कागद नसतो. धून बहुधा दोन भागांची असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवतात, त्यामुळे नवखा पहिल्या वेळी ऐकतो आणि दुसऱ्या वेळी जमेल तेवढे स्वर उचलतो. पत्र्याची साधी बासरी घेऊन बसलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी सत्तरीच्या फिडलवादकाने (फिडल म्हणजे व्हायोलिनच) तीच ओळ संथ करून चार-पाच वेळा वाजवलेली मी पाहिली, आणि तेवढा वेळ बाकीचे सारे शांतपणे थांबले होते.

हे सारे तेथे पूर्वापार अखंड चालत आले असेल असा माझा समज होता, परंतु तो चुकीचा ठरला. सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाचा परवाना सक्तीचा करणारा कायदा तेथे 1935 साली झाला. त्याचा बडगा घराघरांतील नाचांवरही उगारला गेला आणि धर्मगुरूंच्या विरोधाची त्यात भर पडली. स्थलांतराने तर गावेच रिकामी होत होती. अशा काळात, 1951 साली, मलिंगार येथे मूठभर संगीतप्रेमींनी ‘कोल्टस क्योल्टोरी एरन’ ही संस्था उभी केली. ही संस्था स्पर्धाही भरवते, पण तिच्या शाखांतून शिकवणे नियमित चालते. क्लेअरमधीलच मिलटाउन मालबे या गावात ‘इलन पाइप्स’ या वाद्याचे वादक विली क्लॅन्सी यांच्या निधनानंतर 1973 पासून त्यांच्या नावाने दर जुलैत उन्हाळी शाळा भरते, आणि त्या आठवड्यात गावात जागोजागी वर्ग चालतात.

कोपराने भाता दाबून वाजवायच्या या इलन पाइप्सच्या वादनाला युनेस्कोने 2017 मध्ये मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या वाद्याचे एक थोर वादक जॉनी डोरान हे ‘ट्रॅव्हलर’ या भटक्या समाजातील होते. या समाजाला त्या देशात दीर्घकाळ हीन वागणूक मिळत आली आहे. तरीही 1947 मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने डोरान यांचे वादन ध्वनिमुद्रित केले म्हणून ते टिकले, आणि आजचे तरुण वादक त्यावरून शिकतात. हे समजल्यापासून आपल्याकडच्या हलगीवादकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. हलगी घुमल्याशिवाय आपल्या कुस्तीच्या मैदानाला रंग चढत नाही. पण ती कशी शेकून ताणायची, दोन काड्यांचा आघात कुठे आणि किती जोराने करायचा, हे ज्ञान काही मोजक्या घरांतच राहिले आहे, आणि त्या घरांतील मुलांना ते शिकण्यात प्रतिष्ठा वाटावी असे आपण काहीही केलेले नाही.

बाहेरचे मिसळले तर परंपरा बाटते, असा आक्षेप काही जण घेतात. वर सांगितलेला सेट मुळात क्वाड्रिल या फ्रेंच नाचावरून आला, म्हणून 1893 साली स्थापन झालेल्या गेलिक लीग या आयरिश भाषा-संस्कृतीसाठी झटणाऱ्या संघटनेने तो परका ठरवला होता. आज क्लेअरमध्ये त्याला परका म्हणणारा सापडणार नाही. आपली बाजाची पेटीही युरोपातून आली आणि 1940 पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती, तरी भजनी मंडळांतून ती हलली नाही.

म्हणून शहरातील तालीम संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या सभागृहातील आठवड्याची एक संध्याकाळ झिम्मा-फुगडी, लेझीम आणि हलगी शिकण्यासाठी मोकळी ठेवावी. तेथे परीक्षक नसावेत, वयाची अट नसावी आणि प्रेक्षकांसाठी खुर्च्याही मांडू नयेत. शिकवणाऱ्या हलगीवादकांना मात्र गुरूचा मान आणि योग्य मानधन, दोन्ही मिळाले पाहिजे. त्यासाठी वर्गणीतील थोडी रक्कम बाजूला काढणे आपल्या पेठांना अवघड नाही. आजीकडून आलेली पंचमीची वीस-पंचवीस गाणी मला पाठ आहेत. जी तालीम प्रथम दार उघडेल, तेथे ती शिकवायला मी दर आठवड्याला येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर