केबिनमधला हीटर ‘ओव्हरहीट’ होऊन बंद पडतो तेव्हा

मा. संपादक,

काश्मीरची सफरचंदे वाशीच्या बाजारात आणणाऱ्या आणि इकडचा कांदा, द्राक्षे जम्मूकडे नेणाऱ्या गाड्यांना हिवाळ्यात राष्ट्रीय महामार्ग 44 वर काझीगुंड, बनिहाल, रामबन या पट्ट्यात दरड कोसळली किंवा बर्फ पडला की रात्रभर अडकून राहावे लागते. म्हणून काही मालक स्लीपर केबिनमध्ये डिझेलवर चालणारा हीटर बसवून घेतात. सोय उत्तम आहे. इंजिन बंद ठेवून 2 किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात चालवला तरी तासाला साधारण पाव लिटर डिझेल लागते. मात्र तो ‘ओव्हरहीट’ दाखवून बंद पडू लागला की गॅरेजमध्ये पहिला संशय सेन्सरवर जातो. सेन्सर बदलतात, किंवा त्याच्या जागी साधा रेझिस्टन्स लावून हीटरला फसवतात, म्हणजे तो तापलाच नाही असे भासवतात. हा दुसरा उपाय जीवघेणा आहे आणि तो थांबावा, म्हणून हे पत्र.

या हीटरमध्ये एकाच मोटरवर दोन पंखे असतात. एक बाहेरची हवा ज्वाळेला पुरवतो आणि धूर वेगळ्या पाइपाने केबिनच्या बाहेर जातो. दुसरा केबिनची हवा तापलेल्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवरून फिरवतो. ही दुसरी हवा कमी पडली की आतली उष्णता बाहेर निघत नाही, सेन्सर डिझेलचा पंप बंद करतो आणि पंखा चालू ठेवून हीटर थंड करतो. म्हणजे सेन्सर आपले काम बरोबर करत असतो. खोट बहुतेक वेळा हवेच्या वाटेत असते.

तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. हीटर पूर्ण थंड होऊ द्या आणि त्याने दाखवलेला बिघाडाचा कोड लिहून ठेवा. एबरस्पेशर कंपनीच्या एअरट्रॉनिक डी-2 या हीटरवर 12 म्हणजे अति तापणे आणि 15 म्हणजे वारंवार तापल्यामुळे हीटरने स्वतःला कुलूप लावणे. इतर कंपन्यांचे कोड वेगळे असतात, ते त्यांच्याच पुस्तिकेत पाहावेत. मग बर्थखालचा खण उघडा. हवा ओढणाऱ्या जाळीवर घोंगडी, कपड्यांची पिशवी, ताडपत्रीची दोरी असे काही ना काही सापडतेच. ते काढा, जाळीवरची धूळ व लोकर ब्रशने साफ करा. गरम हवेची नळी पूर्ण लांबी हाताने चाचपून पाहा. गादीच्या फळीखाली ती दबलेली असते किंवा क्लॅम्पपाशी निसटलेली असते. नळी खणातच निसटली असेल तर हीटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि काही मिनिटांत बंद पडतो, इकडे ड्रायव्हर म्हणतो की केबिन तर गारच आहे. झोपताना चेहऱ्यावर झोत नको म्हणून हवेची झडप बंद करण्याचीही सवय असते. एक तरी तोंड असे ठेवावे की ते बंद करताच येणार नाही.

नळीचा व्यासही पाहा. 2 किलोवॉटच्या हीटरला सहसा 60 मिलिमीटरची नळी असते, 5 किलोवॉटच्या चिनी हीटरला 75 किंवा 90 ची. मोठ्या हीटरला घरातली 60 ची नळी रिड्यूसर लावून जोडली की तो तापणारच. मुळात आपल्या ट्रकच्या केबिनला 2 किलोवॉट पुरतात. 5 किलोवॉटचा हीटर तिथे सारखा मंद आचेवर चालतो, आत काजळी धरते, आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

हवेची वाट मोकळी असूनही हीटर तापत असेल तर पंखा आणि वीज पाहावी. पंखा बोटाने फिरवून पाहा, तो कुठे घासत नाही ना. वीज मोजायची ती हीटरच्या प्लगपाशी, आणि हीटर सुरू होताना. त्या वेळी डिझेल पेटवणारा ग्लो प्लग सर्वात जास्त करंट ओढतो, 12 व्होल्टवर साधारण 10 अँपिअर. बॅटरीच्या टोकावर मोजलेला आकडा इथे उपयोगाचा नाही. बारीक वायर आणि गंजलेली अर्थिंग यांत व्होल्टेज पडते आणि पंखा मंदावतो. येण्या-जाण्याची मिळून 5 मीटरपर्यंत वायर असेल तर 4 चौरस मिलिमीटर, त्याहून लांब असेल तर 6 चौरस मिलिमीटर घ्यावी. डी-2 ला 12 व्होल्टवर 20 अँपिअरचा आणि 24 व्होल्टवर 10 अँपिअरचा फ्यूज असतो. आपल्या मोठ्या गाड्या 24 व्होल्टच्या असताना 12 व्होल्टचा हीटर दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडलेला आढळतो. ती बॅटरी कायम अर्धीच भरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि पहाटेच्या थंडीत हीटर सर्वात आधी दगा देतो. 24 व्होल्टचाच हीटर घ्यावा.

आता सर्वात महत्त्वाचे. स्विच बंद केल्यावर पंखा आणखी 3-4 मिनिटे चालतो. आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी तो चालायलाच हवा. बॅटरी उतरू नये म्हणून रात्री गाडीचा मेन कट-ऑफ, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करण्याची पद्धत आहे, आणि हीटरची जोडणी त्या कट-ऑफच्या पुढून घेतलेली असेल तर पंखा मध्येच थांबतो. साठलेली उष्णता प्लास्टिकच्या पात्यांवर आणि सर्किटवर येते. पाती वाकतात, घासतात, पंखा मंदावतो आणि पुढच्या वेळी हीटर आणखी लवकर तापतो. अशा हीटरला कितीही नवे सेन्सर लावले तरी फरक पडणार नाही. साध्या मालवाहू गाडीत हीटरचा पॉझिटिव्ह बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज लावून, थेट घ्यावा. ज्वालाग्राही माल वाहणाऱ्या टँकरचे नियम वेगळे आहेत, तिथे असा फेरफार करू नये आणि माल भरता-उतरवताना हीटर लावूच नये. डिझेल भरतानाही तो आधी बंद करून पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी.

डिझेल जास्त जाणे हे कारण कमी आढळते, पण ते असते. पंप बदलताना दुसऱ्या मापाचा बसवला की प्रत्येक टिकटिकीला जादा डिझेल जाते. मापाच्या नळकांड्यात डिझेल धरून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावे. उंचीवर हवा विरळ असल्याने तेवढ्याच डिझेलला ऑक्सिजन कमी पडतो आणि काजळी वाढते. झोजिला 3,500 मीटरच्या वर आहे. लडाखकडे नियमित जाणाऱ्या गाडीला उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारा हीटर किंवा कंपनीचे हाय-अल्टिट्यूड किट हवे.

हीटर तापून बंद पडत नाही, पण केबिनच भट्टीसारखी होते, ही तक्रार वेगळी. हीटरचा तापमान मोजणारा सेन्सर हवा आत घेण्याच्या तोंडाशी असतो. बर्थखालचा खण पत्र्याला लागून गार राहिला की हीटरला वाटते केबिन अजून गार आहे, आणि तो जोरात चालत राहतो. बाहेरचा सेन्सर जोडून तो केबिनच्या मधल्या भिंतीवर, दरवाजा आणि गरम झोत यांपासून दूर लावला की हे थांबते.

दुरुस्तीसाठी हीटर काढला तर तळाची आणि सायलेन्सरच्या जोडाची गॅस्केट प्रत्येक वेळी नवी टाका. तिथून धूर केबिनमध्ये आला तर त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धुराचे तोंड चिखल आणि बर्फ यांपासून मोकळे ठेवा, उशाच्या उंचीवर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. केबिन बांधणाऱ्यांना आणि वाहतूकदार संघटनांना आमची विनंती आहे की हीटरच्या खणाला गादी न उचलता उघडणारे दार ठेवावे आणि त्या खणात सामान टाकता येणार नाही अशी जाळी बसवावी.

आपले,
ट्रकच्या केबिन-वायरिंगचे काम करणारे कारागीर, नाशिक